कातरणाचा डबा

प्रिय मनुके,

तुझा फोन मी मुकाट्यानं ऐकून घेतला आणि तू ठेवल्यावर तुझ्या आईपुढे तासभर बडबडलो. बेकरी विकायची नाही म्हणजे नाही! स्टेंट हृदयात टाकलाय, डोक्यात नाही. भट्टीनं मला आजारी पाडलं म्हणतेस, पण तिनं तुझं काय घोडं मारलंय? तिच्यावर उगाच आळ घेऊ नकोस.

खरा चोर कोण ते सांगतो, हसू नकोस. केक भट्टीतून निघतो तेव्हा त्याचा माथा फुगलेला असतो. वर क्रीम बसावं म्हणून तो सपाट कापायचा. त्या कापलेल्या तुकड्यांना आम्ही कातरण म्हणतो. उजव्या हातानं पुढचा केक कापायचा आणि डाव्या हातानं मागचं कातरण तोंडात टाकायचं, ही माझी जन्माची खोड. क्रीमचं बोटही तसंच. ताट नाही, बसणं नाही, मग ते खाणं कसलं? डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, गोड खाता का, आणि मी छातीठोकपणे सांगायचो, केकचा तुकडा चाखून वर्षं लोटली. देवाशप्पथ, मला ते खरंच वाटायचं! त्या बिचाऱ्या गोळ्या वाढवत राहिल्या, रक्तातली साखर काही हलेना. घरी तुझी आई ताटातला पाव काढून घ्यायची, भाज्यांचा ढीग वाढायची, आणि मी वर तिच्यावरच डाफरायचो की तुझ्या पाल्यानं काही होत नाही.

मग छातीत ती कळ आली. दवाखान्यात बाईंनी समजावलं की साखर वाढलेली राहिली की हृदयाच्या वाहिन्याही खराब होतात, त्यात लोण्याची भर पडली तर विचारूच नका. लोणी खातंय कोण, मी म्हणालो. मी कामावर परतलो त्या दिवशी तुझी आई झाकणाचा डबा घेऊन माझ्यामागोमाग आली. जे तोंडात टाकाल ते आज यात टाका, एवढंच म्हणाली. संध्याकाळी डबा शिगोशीग भरला, झाकण बसेना. मी आधी घाबरलो, मग चिडलो, मग दोघं हसत सुटलो.

आता कातरण शेजारचा कोंबड्यावाला नेतो. त्याच्या कोंबड्या चेंडू झाल्यात. माझ्या ताटात आधी भाजी, मग डाळ, पाव सगळ्यात शेवटी आणि एकच. गोळ्या वेळच्या वेळी घेतो. साखर उतरलीय, चढावर दम लागत नाही, आणि भट्टी रोज पेटतेय. कुणाला बघवत नसेल तर त्यानं डोळे मिटावेत.

आता पत्र का लिहिलं ते. तुझा रिपोर्ट मला कळलाय. आईवर चिडू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही. तुझीही साखर वाढलीय आणि डॉक्टरांना तू सांगितलंस की मी तर काहीच खात नाही. अगं, हे माझंच वाक्य! तुझ्याकडे आलो होतो तेव्हा बघितलंय मी. पोरं अर्धं टाकून उठतात आणि तू ओट्याशी उभी राहून त्यांची ताटं साफ करतेस, वाया नको म्हणून. सोबत डबा पाठवतोय, तोच, घासूनपुसून. मी दुसरा आणलाय. एक दिवस पोरांचं उरलेलं सगळं त्यात टाक. संध्याकाळी झाकण बसलं, तर खुशाल गिऱ्हाईक शोध, मी बेकरी विकतो. नाही बसलं, तर पहिल्या गाडीनं निघून ये. भट्टीशेजारी दोन स्टुलं टाकतो, दोघं बसून जेवू. मला तुझ्याआधी जायचंय, मनुके. ती रांग मोडायची नाही.

तुझाच, कुणाचं न ऐकणारा,
बाबा