सुचेताचं नेट

३ एप्रिल
बी.ए. अर्धवट सोडून, लग्न करून भोपाळला निघाले तेव्हा आत्या म्हणाली होती, "राहिलेलं शिक्षण तुझी मुलगी पुरं करेल." आज ते खरं व्हायला लागलं. सुचेता एम.ए. इतिहासाला आहे. दिवसभर खोलीत काय करतेस, विचारलं. दाराआडून म्हणाली, नेट. प्रोफेसर व्हायला हीच परीक्षा लागते. पुढे काही विचारलं नाही. एकाग्रता मोडते.

९ एप्रिल
बरखेड्यातल्या आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत सांगून झालं. टीव्ही बंद. कुकर बंद, वरण पातेल्यात. ताट तिच्या खोलीत. आतून हसण्याचा आवाज येतो. इतिहासात हसण्यासारखं इतकं असतं हे मला माहीत नव्हतं.

१५ एप्रिल
सुचेता म्हणाली, नेट फार स्लो चाललंय. मी म्हटलं, असू दे, सावकाश पण पक्कं होऊ दे. ती माझ्याकडे बघत राहिली. उद्यापासून भिजवलेले बदाम.

२२ एप्रिल
डोळे खोल गेलेत. चिडचिड करते. अंगठा दुखतो म्हणाली. लिहून लिहून. टेबलावर पेन दिसलं नाही, संपलं असणार. चार नवी आणली.
शेजारच्या निर्मलावहिनी म्हणाल्या, पोरगी वाळली हो, दिसतही नाही हल्ली. त्यांच्या भालचंद्रने नेट केलं असतं तर त्यांना कळलं असतं.

३० एप्रिल
युनिव्हर्सिटीतून एका मॅडमचा फोन. स्टुडंट्सच्या तब्येतीचा सर्व्हे. नेट पर कितने घंटे रहती है? मी अभिमानाने सांगितलं, चौदा तरी, संडेलासुद्धा सुट्टी नाही. झोप? नावाला. खाना? कमरे में. मैत्रिणी? सगळ्या सोडल्या. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, पुढच्या बुधवारी काउन्सेलिंगला घेऊन या.
परीक्षेआधीच काउन्सेलिंग, म्हणजे सीट पक्कीच. ह्यांनी फॅक्टरीतून आल्या आल्या विचारलं, परीक्षा न देता सीट कशी मिळेल? ह्यांना कशाचं कौतुकच नाही. पेढे वाटले.

८ मे
फाइल नेली. मार्कशीट, डोमिसाइल, आठ फोटो. तिथे ना रांग, ना लिस्ट. दोन खुर्च्या आणि टिश्यूचा डबा. मॅडमनी फाइल उघडलीच नाही. सुचेताला विचारलं, उन्हात शेवटची कधी गेलीस, उगाच रडू येतं का. ती हो म्हणाली. मी मध्ये सांगितलं, अभ्यासाचं टेन्शन आहे, जूनमध्ये नेट आहे.
सुचेताने मान वर केली. "आई, मी फक्त नेट म्हणाले होते. परीक्षा तू म्हणालीस."
मग हळूच, "सगळ्या लाइनीत सांगितलंस. मग मला बाहेर यायला तोंडच राहिलं नाही."
मॅडमनी डबा माझ्याकडे सरकवला.

९ मे
निर्मलावहिनी सीटचं विचारून गेल्या. लिस्ट लागायचीय म्हटलं. तसं ते खोटं नाही. डिसेंबरमध्येही नेट असते. ह्यांना तसं म्हटलं, तर ताटावरून उठून गेले.
दार बंदच आहे. आतून हसण्याचा आवाजही नाही. बाहेर बसून बसून पाय आखडले माझे. डिसेंबरच्या फॉर्मचं विचारणार नाही. दुसरंच विचारणार आहे. नाहीच म्हणेल, पण कसं विचारायचं ते इथे लिहून बघते: सुचेता, ऊन उतरलं की कोपऱ्यावर उसाचा रस प्यायला येतेस माझ्याबरोबर? फोन घरी ठेवून?