नैऋत्येचं टेबल

३ नोव्हेंबर.
आजपासून माझं टेबल टॉयलेटच्या दाराशी. खिडकीजवळची माझी जागा मुकुलला, कारण त्याची पाठ दुखते. सरोज मॅडम म्हणाल्या, प्रीतम, तू अॅडजस्ट करशील. केलं. विसरणार नाही.

५ नोव्हेंबर.
दार उघडलं की खुर्चीला लागतं. येणारा सॉरी म्हणतो, मला इट्स ओके म्हणावं लागतं. त्यात मालाची मोजणी चुकते. आज चलनात दोन चुका. पुढच्या महिन्यात कन्फर्मेशन. मॅडमना सांगितलं, जागेमुळे होतंय. मुकुल म्हणाला, अरे, आतून कडी लावून बस, डिस्टर्ब कोण करणार. सगळे हसले.
ठरलं. मुकुलला त्या खिडकीतून उठवायचं.

८ नोव्हेंबर.
मॅडम वास्तू मानतात. ठाकुर्लीचे सुदेशकाका वास्तू बघतात, आईच्या ओळखीचे. मॅडमना त्यांचा नंबर दिला. काकांना नीट समजावलं, दोष खिडकीजवळच्या टेबलात निघाला पाहिजे. काका म्हणाले, बघू रे, होकायंत्र काय म्हणतं ते. म्हणजे हो.

१२ नोव्हेंबर, सकाळ.
आज काका येणार. इस्त्रीचा शर्ट. मुकुल टेबल उचलताना पाठ धरेल, तेव्हा मी मदतीला जाणार नाही.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ.
काका खिडकीपाशी थांबले. म्हणाले, उत्तम. मग माझ्याकडे आले. ही नैऋत्य. इथे जड वस्तू हवी, हलका माणूस बसला की कामात चुका होतात. मॅडमनी विचारलं, कसल्या चुका. काका म्हणाले, आकड्यांच्या. मुकुल म्हणाला, काका, ह्याचं वजन अठ्ठेचाळीस आहे.
माझ्या जागी लोखंडी कपाट आलं. काकांना जिन्यात गाठलं. म्हणाले, ओळख वेगळी, दिशा वेगळी.

१७ नोव्हेंबर.
मानपाड्याच्या गोडाऊनमध्ये बदली. मोठी खिडकी, पंखा, आजूबाजूला कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, आता चूक नको, मग कन्फर्म करू. म्हणजे प्लॅन सक्सेसच. मुकुलला वागळे इस्टेटच्या ऑफिसात कुजू दे.

२१ नोव्हेंबर.
मॅडमचा फोन. चलनात तीन चुका. विचारलं, जागा कशी आहे. छान आहे, असं तोंडातून निघून गेलं. कन्फर्मेशन तीन महिने पुढे.
खिडकीत एक कबुतर येऊन बसतं. मी मोजायला लागलो की नेमकं घुमतं.
सोमवारी त्याचं बघतो.