नऊशे एकतीस

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी परंड्याला आले नाही. मुद्दामच. तुम्हाला फुलं वाहण्याइतका आदर माझ्याकडे नव्हता, आजही नाही.

अकरावीचा प्रयोग आठवतो. लंबकावरून गुरुत्वाकर्षण काढायचं होतं. माझं उत्तर नऊशे एकतीस आलं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर माझी कच्ची वही उचललीत. "लई शहाणी झालीस का? पुस्तकात नऊशे ऐंशी हाय. तुझ्या परंड्यात पृथ्वी ढिली पडली व्हय?" वर्ग हसला. तुम्ही ते पान फाडून त्यानं टेबलावरची शाई पुसलीत आणि पक्क्या वहीत उत्तर आधी लिहून, उलटं मागं येत आकडे कसे भरायचे ते शिकवलंत. तुमच्या हाताखालची प्रत्येक वही सुंदर होती आणि प्रत्येक वही खोटी.

मी आता ताऱ्यांच्या प्रकाशाची कंपनं कोणत्या दिशेला किती झुकलेली आहेत, ते मोजणाऱ्या यंत्राच्या, पोलॅरिमीटरच्या, संगणकातल्या फाइली सांभाळते. तुम्हाला हे काम कारकुनी वाटलं असतं. प्रत्येक तारखेचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक ताऱ्याचा वेगळा. यंत्रातली काचेची चकती चार कोनांवर फिरते, म्हणून चार फाइलींचा एक संच. फाइलीच्या माथ्यावर वेळ, कोन, फिल्टर. चारातली एक नसली तर अख्खा संच बाद. कच्च्या फाइलीला कुणी हात लावायचा नाही, दुरुस्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये करायची. बिघडलेली फाइलसुद्धा तिथंच राहते, शेजारी फक्त कारण लिहायचं. हा नियम मी नव्या माणसांना शिकवते तेव्हा मनात तुमचं ते शाईचं पान असतं.

गेल्या महिन्यात एका ताऱ्याचं उत्तर जुळेना. त्याचं उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, यंत्र नीट आहे का ते त्याच्यावरूनच ठरतं. त्या रात्रीच्या त्याच्या पाच संचांतला एकच खोडा घालत होता. मी त्याची चौथी फाइल उचलून बाजूला ठेवली आणि नोंदीत लिहिलं, 'ढग'. उत्तर छान जुळलं.

काल शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी विचारलं, "मॅडम, त्या रात्री ढग होते का हो? बाकीच्या फाइली तर स्वच्छ दिसतात."

"होते," मी म्हणाले. मान वरही केली नाही.

आभाळ निरभ्र होतं, सर. ती फाइल मी अजून परत ठेवलेली नाही. पुसलेलीही नाही. हे पत्र तिच्याच शेजारी ठेवतेय.