दोन तास दहा मिनिटं

ताई,

बाबा तुझ्याशी धड बोलले नाहीत, ते माझ्यामुळे.

ऑपरेशनच्या सकाळी ते अडून बसले होते. "थोरली आल्याशिवाय मी आत जाणार नाही." डॉक्टर घड्याळ बघत होते. मी मोबाइलवर तुझ्याकडचा विमानतळ टाकला, आपला टाकला. वेबसाइट म्हणाली, अंतर चौदाशे किलोमीटर, वेळ दोन तास दहा मिनिटं. स्क्रीन त्यांच्या नाकासमोर धरली. "शुद्धीवर याल तेव्हा ताई समोर असेल." ते हसत आत गेले.

वेबसाइटनं नकाशावर नुसती सरळ रेघ मारली होती. त्या रेघेवरून एकही विमान जात नाही, हे मला माहीत होतं. तू तीन विमानं बदलून एकोणीस तासांनी आलीस, पाय सुजवून, आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "अजून माझ्या लग्नाचा राग दिसतोय," तू म्हणालीस. मी तुझ्या पायांखाली उशी सरकवली.

तू परत गेलीस. काल जेवताना ते पुन्हा सुरू झाले, "दोन तासांवर राहते, पण बापासाठी..." मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

त्यांचा घास हातातच राहिला. "एकोणीस तास? आणि मी तिला 'दमलीस का' एवढंही विचारलं नाही?"

मी म्हटलं, ताईला पत्र लिहून माफी मागते.

"तू काही लिहू नकोस, दीडशहाणे! डॉक्टरांना विचार, मला प्रवास कधी चालेल. आणि तिकीट काढ. तेच, तीन विमानांचं. तिला कळवायचं नाही."

तेव्हा ते दारात दिसले की दचकायचं नाटक कर; हे पत्र तुला मिळालंच नाही.

तुझी,
थापाडी धाकटी