हात मांडीवर ठेवण्याची परीक्षा

तीर्थरूप मामांच्या पायाशी,

भाचीचा नमस्कार. वाकून केलाय असं समजा. प्रत्यक्ष वाकायला सध्या डॉक्टरांची बंदी आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तब्येत कशी आहे? मामीची पाठ? खिडकीत येऊन बसणारं ते कानतुटकं मांजर अजून येतं का? तुमचं पत्र पोचलं. म्हणजे मामीच्या अक्षरातलं तुमचं पत्र पोचलं. तुम्ही अगदी ठणठणीत आहात असं त्यात तुम्ही लिहिलंय, आणि खाली तुमची सहीसुद्धा मामीच्याच अक्षरात आहे. वाचून आनंद झाला. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे हे माझ्यावर रुसलेत, मुलीला माझी कीव येते, आणि मी इतकी वैतागलेय की काल इस्त्री करताना इस्त्रीशीच भांडले. कोणापाशी तरी मन मोकळं करायलाच हवं, म्हणून लिहायला बसले. चष्मा लावून निवांत बसा, थोडक्यात सांगणं मला कधी जमलेलं नाही.

शिवणाच्या दुकानातलं माझं काम सुटलं हे तुम्हाला कळलंच असेल. (मालकांनी दुकान मुलाच्या हाती दिलं, त्याने मशिनं विकली आणि आता तिथे मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलून मिळतात.) मी घरात बसून पडद्यांना उगाचच टीप मारत होते, तेव्हा मुलीने कुठूनशी एक जाहिरात आणली. व्यवसायोपचार साहाय्यक व्हायचं प्रशिक्षण, वयाची अट नाही. नाव ऐकून घाबरू नका, मीही घाबरले होते. काम असं की आजारानंतर, पडझडीनंतर ज्यांचे हातपाय नीट चालत नाहीत, त्यांना रोजच्या गोष्टी पुन्हा स्वतःच्या स्वतः करायला शिकवायच्या. बटण लावणं, चमचा तोंडापर्यंत नेणं, नळ बंद करणं, बुटाची नाडी. काय शिकवायचं ते तज्ज्ञ ठरवणार, आणि साहाय्यक रोज पेशंटजवळ बसून ते करून घेणार. मला वाटलं, ही जागा माझ्यासाठीच काढलीय. आजवर मी दुसरं केलंय काय? या घरात कोणाला पाण्याचा पेलासुद्धा स्वतःचा स्वतः भरू दिलेला नाही. माझं घोडं तिथेच अडणार होतं, पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं असतं?

प्रवेशाच्या अटी ऐकाल तर तुम्हाला वाटेल, मला विमान चालवायला देणार आहेत. शाळेत जीवशास्त्र हवं. माझं होतं शिवणकाम. मग जीवशास्त्राची वेगळी परीक्षा द्या. मनगटात इवलीइवली आठ हाडं असतात मामा, आणि प्रत्येकाचं नाव हाडापेक्षा मोठं. पाठ होईनात, म्हणून हे झोपलेले असताना मी यांच्या उजव्या हातावर पेनने सगळी हाडं काढली आणि नावं लिहिली. (ते पेन कपड्यावर खुणा करायचं होतं. धुतल्यावर जात नाही, हाच त्याचा गुण.) सकाळी साबण झाला, रॉकेल झालं, शेवटी घासणीही झाली. हाडं जागच्या जागी. हे पोस्टाच्या काउंटरवर बसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि शिक्के मारायला तोच हात. दुपारपर्यंत रांगेतल्या एका आजोबांनी आपलं मनगट पुढे करून, इथे दुखतं ते यातलं कोणतं, अशी विचारणा केली. त्यांचं बघून मागच्या बाईंनीही हात पुढे केला. साहेबांनी बाहेर येऊन रांग का थांबलीय असं विचारलं, आणि मग तेही बराच वेळ बघत राहिले. मी पास झाले. हे आठवडाभर हातमोजा घालून ऑफिसला गेले आणि अजूनही झोपताना हात उशीखाली ठेवतात.

मग वैद्यकीय तपासणी. पेशंटला आधार देण्याइतकी ताकद आहे का ते बघायला जमिनीवरची वाळूची पिशवी उचलायला सांगतात. मी एका झटक्यात उचलली. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण तपासणाऱ्या डॉक्टरांचं टेबल अगदी दाराच्या वाटेत होतं, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला अडखळत होता. म्हटलं, हातासरशी तेही सरकवून देते. दाखल्यावर त्यांनी 'सक्षम' असं आधीच लिहून टाकलं होतं म्हणून निभावलं, कारण दाखला हातात घेऊन मी खोलीबाहेर पडले ती काटकोनात. वाकायची बंदी ती ही.

शिवाय शिफारसपत्र हवं, आणि ते नातेवाइकाचं चालत नाही. (नाहीतर तुम्हालाच गळ घातली असती, आणि मामीने छान लिहून दिलं असतं.) जुन्या मालकांकडे गेले. त्यांनी आनंदाने अख्खं पान भरून दिलं. बाई फार कामसू, सांगायची वेळ येऊ देत नाहीत, समोरच्याला जमत नसेल तर त्याच्या हातातलं काम काढून घेऊन स्वतः पुरं करतात. वाचताना माझे डोळे भरून आले. घरी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं.

शेवटची अट, एखाद्या उपचार केंद्रात काही आठवडे बसून निरीक्षण. नुसतं बघायचं. इथलं केंद्र म्हणजे एक मोठा हॉल आहे. त्यात एक खोटं स्वयंपाकघर (ओटा खरा, नळ खरा, पण कोणाला भूक नाही), एक पलंग, आणि भिंतीला जाऊन टेकणारा छोटासा जिना. तो चढून लोक भिंतीपाशी पोचतात आणि परत उतरतात. तिथल्या मुख्य तज्ज्ञ, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी मला एक स्टूल दिलं आणि नियम सांगितला: हात मांडीवर, तोंड बंद. बस्स. एवढा सोपा नियम ऐकून मला हसू आलं होतं. मामा, तुम्ही एकदा करून बघा. समोर एक आजी बरणीचं झाकण फिरवताहेत, ते उलट्या बाजूला फिरवताहेत, आणि आपण ढिम्म बसायचं. कोणाचा मोजा टाचेवर अडकलाय, बोटभर ओढला की झाला, आणि आपण छताकडे बघायचं. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा माझ्याच हातांना मुंग्या आल्या होत्या. मी ते अंगाखाली दाबून बसले होते.

आता जे झालं ते. तिथे एक बसचे ड्रायव्हर येतात, आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणतो. तुमच्यासारखाच उजवा हात लुळा पडलेला. त्यांचं काम म्हणजे शर्टाची बटणं, त्या हाताने, खालून वर. पहिले अनेक दिवस एकाच बटणावर गेले. त्या दिवशी मात्र काका चढत चढत छातीपर्यंत पोचले होते. घाम फुटला होता, जीभ दाताखाली धरली होती, आणि वरची दोनच बटणं राहिली होती. एक बटण काजात अर्धं जायचं आणि निसटायचं. अर्धं जायचं, निसटायचं. मी अर्धं आयुष्य काजं केली हो. माझ्या डोळ्यासमोर बटण काजात अर्धं अडकलंय, आणि मी स्टुलावर! मी उठले कधी, पोचले कधी, मला खरंच आठवत नाही. दोन्ही बटणं लावली, कॉलर सारखी केली, आणि (काय सांगू) त्यांच्या खांद्यावरचं दोऱ्याचं तूसही उचललं.

मला वाटलं, काका आभार मानतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताने शर्ट धरून वरपासून खालपर्यंत ओरबाडून उघडला. एक बटण तुटून ओट्याखाली गेलं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मामा, मी माणसं रडताना पाहिली आहेत, पण माझ्या मदतीमुळे कोणी रडल्याचं कधी पाहिलं नव्हतं.

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही चार शब्द ऐकवले असते. त्यांनी मला बाजूला नेलं आणि एवढंच म्हणाल्या, "इतक्या दिवसांत काकांनी जे कमावलं, ते तुम्ही काढून घेतलंत." मग माझं शिफारसपत्र काढून, हातातलं काम काढून घेतात, या ओळीवर बोट ठेवलं, आणि ही तक्रार आहे की कौतुक, असं शांतपणे विचारलं. प्रवेश रोखून ठेवलाय. प्रात्यक्षिक होईल: एका पेशंटसमोर पूर्ण काम होईपर्यंत बसायचं, मागितल्याशिवाय मदत नाही, आणि मागितली तर मागितली तेवढीच. तोवर केंद्रात यायचं नाही, घरी सराव करायचा.

घरी सराव करायला घरात आजारी आहे कोण? तरी करून पाहिला. यांना म्हटलं, आजचं ऑम्लेट तुम्ही करा. मी मांडीवर हात ठेवून समोर बसले. यांनी अंडं फोडलं, त्यातलं बरंचसं टरफल पातेल्यात गेलं. मी गप्प. मीठ समजून यांनी साखर घातली. मी गप्प, एकटक. ऑम्लेट खाऊन हे गुपचूप आतल्या खोलीत गेले आणि माझ्या आईला फोन केला: ती दोन दिवस बोलत नाही, नुसती रोखून बघते, माझं काही चुकलंय का. आईने मला फोनवर सुनावलं ते वेगळंच. मुलीने तर माझ्या देखत मुद्दाम उलटा स्वेटर घातला आणि तसाच घालून कॉलेजला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हाही तो उलटाच होता, आणि ती हसत होती. घरात माझी झालेली शोभा भरून निघायला वेळ लागेल.

तेव्हा मामा, मी ठरवलंय की हा नाद पुरे. या वयात नुसतं बसायला शिकायचं म्हणजे काय चेष्टा आहे? आपला पिंड तो नाही. पलीकडच्या गल्लीत पडदे शिवायचं एक दुकान आहे, तिथे विचारून येते. माझ्यामुळे पुन्हा कोणाचं बटण तुटायला नको. तुमचा आशीर्वाद असू द्या, मामीला नमस्कार, मांजराला काय असेल ते.

तुमची,
बडबडी भाची

ता. क. पडद्याच्या दुकानाचं काही मनावर घेऊ नका. त्यांच्याकडे जागा नाही, आणि असती तरी मी गेले नसते. प्रात्यक्षिक पुढच्या महिन्याच्या अखेरीला आहे, माझं नाव दिलेलं आहे. काल ड्रायव्हरकाकांच्या घरी जाऊन माफी मागून आले. त्यांनी आतून तोच शर्ट आणला, तुटलेल्या बटणाची जागा दाखवली आणि म्हणाले, "हे मात्र तूच लाव, ते तुझं काम." मी लावलं. तेव्हापासून मला हे प्रशिक्षण हवंच आहे.

आणखी एक. सरावाला खरा पेशंट हवा, आणि माझ्या ओळखीत तुम्ही एकटेच आहात. महिनाभर आमच्याकडे राहायला या. तुमचं घड्याळांचं दुकान गेल्या वर्षापासून बंद, उजवा हात खिशात, आणि मनगटावरच्या घड्याळाला किल्लीही मामी देते, हे सगळं आईने सांगितलंय, तेव्हा ठणठणीत वगैरे मला लिहू नका. हात पूर्वीसारखा होईल असं मी म्हणत नाही. मोठ्या बाईही कोणाला तसं म्हणत नाहीत. पण मला सायकल शिकवताना मागची सीट सोडून तुम्ही बाकावर पेपर वाचत बसला होतात, मी तीनदा पडले तरी उठला नव्हतात. आता पेपर मी आणून ठेवलाय. येताना बटणांचेच शर्ट आणा.

मामी, हे पत्र तूच उघडलंस आणि तूच त्यांना वाचून दाखवते आहेस, हे मला माहीत आहे. मधले परिच्छेद गाळले असशील तर परत वर जा. तुझ्यावर मी मुळीच रागावलेली नाही; दुसऱ्याच्या हातातलं काढून घेण्याची ही खोड मी तुझ्याच स्वयंपाकघरात उचलली. फक्त त्यांची बॅग भरू नकोस. काही विसरलं तर विसरू दे.

शेवटचं. याचं उत्तर मामांनी स्वतः लिहायचं, उजव्या हाताने. नुसतं 'येतो' लिहिलं तरी पुरे, त्याला आठवडा लागला तरी चालेल, मी पोस्टमनची वाट बघेन आणि एकही फोन करणार नाही. अक्षर कसंही येऊ दे मामा. ते लावून वाचायचं काम माझं, तेवढी मदत करायची मला परवानगी आहे.