कोपरावरचा रफू

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

कोट पोचला. वाचनालयात बांधणीच्या टेबलाशी बसून उजव्या कोपरावरचं भोक शोधत होतो, सापडेना. शेवटी बाही खिडकीसमोर धरली तेव्हा कुठे नव्या धाग्यांची सावली दिसली. ग्रंथपाल बाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, बहिणीने गुपचूप दुसरा कोट पाठवला असेल. मी आयुष्यभर पुस्तकं शिवतोय, पण असा टाका मला साधणार नाही. देवाने तुझ्या बोटांत काहीतरी जास्तीचं घातलंय, हे मी गावच्या शाळेत तू माझं दप्तर शिवलंस तेव्हापासून मानतो.

कौतुक करता करता हात डाव्या कोपरावर गेला. तो रफू दीड वर्षापूर्वीचा. तो हाताला लागतो. तेव्हा तू लिहिलं होतंस की छातीचं ऑपरेशन झालं, किरणं झाली, आणि आता पाच वर्षांची रोजची गोळी सुरू झाली, तिच्यामुळे सकाळी बोटं लाकडासारखी होतात. मग पाच वर्षं व्हायला साडेतीन वर्षं बाकी असताना उजवा कोपर इतका सुरेख कसा? चुकत असेन तर कान पिळ. ताई, गोळी बंद केलीस का?

उत्तराची वाट पाहणारा,
धाकटा

ता. ११ जानेवारी

चि. पुस्तक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला कोट घालायला पाठवला होता, तपासायला नाही. लहानपणी खडीसाखर कुणी खाल्ली हे तू बोटं हुंगून सांगायचास, ती सवय गेली नाही तर.

हो, बंद केली. सात महिने झाले. गिऱ्हाईक नवी साडी खिळ्याला अडकवून रडत येतं, आणि माझ्या बोटांना सुई धरवत नाही. चाळीस वर्षं ज्या हातावर माझी ओळख आहे, तोच हात गेला तर मागे राहिलं काय? डावीकडची गाठ काढली, किरणांनी तिथलं उरलंसुरलं जाळलं. मग गोळी कशासाठी? वर शेजारीण म्हणाली, किरणांनीच दुसऱ्या बाजूला हा रोग होतो. म्हटलं, व्हायचं ते होऊन गेलंय, उगाच बोटं कशाला घालवू? दरवर्षीचा छातीचा फोटोही त्याच भरात राहून गेला.

आता व्याख्यान नको. मी मोठी आहे.

तुझी,
ताई

ता. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

व्याख्यान नाही, निरोप आहे. आमच्याकडे निवृत्त डॉक्टरबाई पुस्तकं बांधायला आणतात, त्यांना विचारलं. तुझं नाव सांगितलं नाही.

त्या म्हणाल्या, ऑपरेशन आणि किरणं ही त्या एका बाजूची राखण. पण ज्या शरीरात एकदा असं झालं, तिथे दुसऱ्या बाजूला नव्याने होऊ शकतं. ती नवी गाठ जुनीचं पिल्लू नसते. गाठ हार्मोनवर वाढणारी असेल, तुझी तशीच होती, तर गोळी दुसऱ्या बाजूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आणते. शेजारणीचं अगदीच खोटं नाही. किरणांनी धोका थोडासा वाढतो, पण तो मुख्यतः तरुणपणी किरणं घेतलेल्या बायकांना. तू छप्पन्नाव्या वर्षी घेतलीस. आणि बोटं आखडणाऱ्या बायका पुष्कळ असतात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलूनही देतात. न सांगता बंद करणं हीच चूक, असं त्या म्हणाल्या.

सकाळी देवाचं नाव घेताना मी तुझ्या बोटांसाठी काही मागितलं नाही, हे कबूल करतो. तुझ्यासाठी मागितलं. डावा कोपर उसवून पुन्हा करू नकोस. मला खडबडीत रफू चालतो.

तुझ्या मायेला हक्काने चिकटलेला,
धाकटा

ता. २० फेब्रुवारी

चि. पुस्तक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका शालीचं काम करत होते. गिऱ्हाईक म्हणालं, भोक एवढंसं आहे, तेवढंच बुजवा. मी नेहमीचं सांगायला लागले, की भोकाच्या कडेला रफू थांबवला तर टिकत नाही. टाका चांगल्या कापडात लांबवर न्यावा लागतो. तेही त्याच वयाचं, तितकंच वापरलेलं. आणि बोलता बोलता सुई खाली ठेवली. चाळीस वर्षं कापडाबद्दल जे सांगत आले, ते स्वतःबद्दल ठाऊकच नव्हतं बघ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. ओरडतील म्हणून भाचीला पुढे बसवलं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, आधी आला असतात तर सात महिने वाचले असते. उजव्या बाजूचा फोटो काढायला लावला. निकाल येईपर्यंत दोन दिवस सुई उचलली नाही. फोटो स्वच्छ आला. दुसऱ्या जातीची गोळी दिलीय. बोटं अजून आखडतात, पण दहा वाजेपर्यंत सैल होतात. दुकान आता दहाला उघडते. गिऱ्हाइकं कुरकुरली, पण येतात.

तुझ्या त्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग, आता नावानिशी. आणि तू मला रागावला नाहीस, नुसता कोपर दाखवलास. दप्तर शिवल्याचं चीज झालं.

सोबत तुझा जुना मफलर पाठवतेय. सकाळी नऊलाच मुद्दाम रफू केला. हाताला लागेल. लागला की समज, गोळी चालू आहे.

आशीर्वाद आहेतच, कान पिळणं उधार.
ताई