दादाच्या बाळासाठी पांगुळगाडा

रविवार, ६ फेब्रुवारी १९५५, रत्नागिरी

चार रविवार त्या पांगुळगाड्यात घातले. दादानेच सांगितलं होतं, "बाळ उभं राहायला लागलंय, आपला जुना गाडा बघ जरा." माळ्यावरून काढला तर एक चाक वाळवीने खाल्लेलं. फणसाच्या फळीतून नवं कापलं, आसाला खोबरेल दिलं. हाताची दांडी डावीकडे झिजून खोलगट झाली होती. ती झीज माझीच. उजवा पाय जन्मापासून लुळा, म्हणून सगळा भार डाव्या हातावर टाकून पाच वर्षांचा होईतो मी तो गाडा ढकलला. बाळाचा हात वाकडा पडायला नको म्हणून रंधा मारून दांडी सारखी केली. मारताना हात थांबला होता, खोटं कशाला लिहू.

आज जेवणाआधी गाडा आणून ठेवला. पानावर बसल्यावर वहिनी म्हणाली, "भावोजी, राग मानू नका, पण बाळाला तुमचा गाडा नको. ह्यांनी मुंबईहून नवा सांगितलाय." दादा बांगड्याचे काटे काढत राहिला. एवढे काटे असतात बांगड्याला?

मी "बरं" म्हणालो. का म्हणालो? मलाही तिचं क्षणभर पटलं की काय? तेच जास्त बोचतंय. निदान ती झीज तरी ठेवायची होती.

माझ्याआधी दादा त्याच गाड्यावर चालायला शिकला. पुढे शाळेत धावण्यात पहिला यायचा. वहिनीला हे ठाऊक नसेल, दादाला आठवत नसेल. आईला ठाऊक आहे. ती शेजारीच वाढत होती. मला म्हणाली, "भात घे."